दोन चमचे ग्राफाइट

८ जानेवारी

शाळेत लागून आज महिना झाला. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. फेब्रुवारी संपला की त्या नववीच्या वर्गात माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसतील आणि त्यावरून मला कायम करायचं की नाही ते ठरेल. धडाही त्यांनीच दिला : ग्राफाइटची रचना, त्यातले बंध आणि त्याचे उपयोग. ‘घाबरू नका,’ असं त्या दोनदा म्हणाल्या, म्हणजे माझ्या तोंडावर सगळं दिसत असणार.

घरी आल्याआल्या सराव केला. विद्यार्थी दोन, आई आणि बाबा. दोघांपैकी कोणी शाळेची पायरी चढलेलं नाही. बाबांना आकडे वाचता येतात, आणि सही येते. ती मीच शिकवली, चौथीत असताना. अजूनही ते आधी पेन्सिलीने सही करतात आणि मग त्यावरून पेन फिरवतात. खालची पेन्सिल दिसत राहते.

आईच्या ताटल्या एकावर एक रचल्या आणि सांगितलं, की ग्राफाइट असं असतं. कार्बनच्या प्रत्येक अणूला चार हात धरा. तीन हातांनी तो शेजारच्या तिघांना घट्ट धरतो, त्याची षटकोनांची जाळी होते, म्हणजे ही एक ताटली. ताटली सहजी मोडत नाही, म्हणून ग्राफाइटच्या मुशीत धातू वितळवतात तरी मूस वितळत नाही. पण ताटलीचं आणि ताटलीचं एकमेकींशी फारसं सख्य नाही, त्या घसरतात.

“घसरवून दाखवलीस तर बघ,” आई म्हणाली. “सहाच उरल्यात.”

“आणि चौथा हात?” बाबांनी विचारलं.

“तो मोकळाच. चौथा इलेक्ट्रॉन कोणाशी बांधलेला नसतो, ताटलीभर फिरत असतो.”

“म्हणजे रिकामटेकडा,” बाबा म्हणाले आणि खूप वेळ हसत राहिले.

१२ जानेवारी

रविवार, म्हणून वरखालीकाका पत्ते खेळायला आले. बाबा ज्या सहा मजली कचेरीच्या लिफ्टची देखभाल-दुरुस्ती करतात, तिथले ते लिफ्टमन. दिवसभर वरखाली करतात म्हणून सगळे त्यांना वरखाली म्हणतात, आणि तेही हाकेला ओ देतात. वीस वर्षांची दोस्ती आणि वीस वर्षं पत्त्यांत लबाडी.

“तिसऱ्या मजल्याच्या दाराचं काहीतरी कर रे,” काका बाबांना म्हणाले. “ते दार म्हणजे माझी सासू. लागताना बोलल्याशिवाय लागतच नाही.”

बाबा म्हणाले, दोष दाराचा नाही, कुलपाचा आहे. त्या मजल्यावर जुन्या फायली आहेत, त्यांची धूळ उडते. तेल घातलं की धूळ तेलात बसते आणि आठ दिवसांत चिखल होतो.

मी मध्येच बोलले. बाबांच्या कामात मी कधी बोलत नाही. म्हटलं, तेल नकोच, ग्राफाइटची भुकटी घाला. कोरडं वंगण आहे, धूळ धरत नाही. माझ्या वहीत ‘उपयोग’ या रकान्यात दुसऱ्या क्रमांकाला तेच आहे.

काकांनी पत्ते खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. “शिकवलीस ते वाया नाही गेलं,” बाबांना म्हणाले. बाबांनी चुकीचाच हुकूम टाकला. इतके खूश झाले होते.

१५ जानेवारी

शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन चमचे भुकटी आणली. मोठ्या बाईंना विचारून आणली आणि साठ्याच्या वहीत नोंदही केली : ‘ग्राफाइट भुकटी, दोन चमचे, बाहेरच्या वापरासाठी.’ खाली सही. शाळेची वस्तू घरी नेताना नोंद नसेल तर मला झोप लागणार नाही.

बाबांनी बाटली उजेडात धरली. थोडी भुकटी बोटांत चोळली. “काय सुळकन् जाते,” म्हणाले. मग म्हणाले, “रंगाने आपल्या मोटरच्या कार्बनसारखी आहे. तो तुझा रिकामटेकडा कुलपात काही उद्योग करणार नाही ना?”

मला हसूच आलं. म्हटलं, “बाबा, वंगण आहे ते. पुस्तकात छापलंय.”

“मग ठीक,” म्हणाले. बाटली डब्याबरोबर पिशवीत ठेवली. बाबा किती लक्ष देऊन ऐकतात! मोठ्या बाईंनी हा विद्यार्थी बघायला हवा.

२ फेब्रुवारी

वरखालीकाका आले ते दारातूनच ओरडत, “सासू गप्प झाली हो! पोरीने काय औषध दिलं!”

सगळे हसलो. मग काका म्हणाले, “पण एक झालंय. आधी तिचा आवाज आला की समजायचो, दार लागलं. आता हाताने ओढून बघावं लागतं. नाही बघितलं तरी लिफ्ट चालते म्हणा, म्हणजे लागतच असणार.”

बाबा पत्ते पिसत होते ते थांबले. “उद्या बघतो,” म्हणाले. (नंतर जोडलेलं :) दुसऱ्या दिवसापासून बाबा पाच दिवस तापाने पडून होते. ते राहिलंच.

१९ फेब्रुवारी

शाळेतून आले तर आई ओट्याशी नुसती उभी होती. चूल बंद.

वरखालीकाका तिसऱ्या मजल्यावर फायलींचे गठ्ठे आत घेत होते. दार उघडं होतं. एक पाय लिफ्टमध्ये, एक बाहेर. पाचव्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं. दार उघडं असताना लिफ्ट हलायला नको. ती हलली.

कंबरेखालचं सगळं चिरडलंय, डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. बाबा इस्पितळातून कचेरीत गेले आणि तिथून अंधार पडल्यावर घरी आले. मोरीत जाऊन रॉकेलने हात धुतले. मग साबणाने. मग परत रॉकेलने. टॉवेलवर चंदेरी काळे डाग राहिले. आईने टॉवेल भिजत घातला, बाबांनी तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतः धुतला.

२० फेब्रुवारी

बाबा कामावर गेले नाहीत. चौकशी होईपर्यंत लिफ्ट बंद आहे. सकाळी मागच्या पायरीवर बसून मोटरचे झिजलेले जुने कार्बन, करंट नेणाऱ्या त्या काळ्या वड्या, कानशीने घासत होते. खाली कागद पसरलेला.

“हे काय करता?”

“हात रिकामे राहत नाहीत,” म्हणाले.

मी इस्पितळात गेले होते. काकांनी ओळखलं. “तुझा तास झाला का?” विचारलं. मी नाही म्हटलं. काकूंनी त्यांना बोलू दिलं नाही.

२१ फेब्रुवारी

हे नीट लिहायचं आहे.

आज तासाच्या प्रयोगाची जुळवाजुळव केली. एक बॅटरी, एक छोटा दिवा, दोन वायरी, दोन्हीकडून तासलेली पेन्सिल. वायरी पेन्सिलीच्या दोन टोकांना लावल्या आणि दिवा लागला. लागणारच होता. मी बी.एस्सी.ला हे तीनदा केलंय. पण दिव्याकडे बघताना मला तिसऱ्या मजल्याचं कुलूप आठवलं.

लिफ्टच्या दाराचं कुलूप नुसतं कुलूप नसतं. बाबांनी मला लहानपणी दाखवलंय. दार पूर्ण लागलं की त्याची जीभ आत जाते आणि दोन पितळी पत्त्या एकमेकींना टेकतात. पत्त्या टेकल्या तरच करंट पुढे जातो आणि लिफ्ट सुटते. दार उघडं, तर पत्त्या लांब, तर लिफ्ट मेलेली. पत्त्यांच्या मध्ये जर ग्राफाइटचा थर बसला असेल, तर दार उघडं असूनही लिफ्टला वाटेल की दार लागलंय.

वही उघडली. माझ्याच अक्षरात दोन रकाने. एकात : थर घसरतात, म्हणून वंगण. दुसऱ्यात : मोकळा इलेक्ट्रॉन, म्हणून वीज वाहते. मध्ये पट्टीने मारलेली रेघ. परीक्षेत मला या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते. दोन्ही गुण एकाच भुकटीचे आहेत, एकाच वेळी, चमचाभर घेतली तरी. एवढं माझ्या कधी मनातच आलं नाही.

२२ फेब्रुवारी

बाबांना विचारलं. उभ्यानेच विचारलं, कारण बसले असते तर धीर गेला असता. “ती भुकटी तुम्ही तिसऱ्या मजल्याच्या कुलपात घातली होती ना?”

“नाही,” बाबा म्हणाले. “राहूनच गेली.” पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. गळ्यापर्यंत भरलेली. “ही बघ. तशीच आहे.”

मी खाली बसले आणि रडले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. काका तिकडे तसे पडलेले आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

नंतर आठवलं, म्हणून विचारलं, “मग आवाज कसा बंद झाला?”

“तेल घातलं होतं.”

२५ फेब्रुवारी

चौकशी झाली. बाबांनी मला येऊ दिलं नाही, म्हणाले शाळा बुडवू नकोस. संध्याकाळी कचेरीतल्या एका कारकुनाने आईला सांगितलं ते असं : बाबांनी लिहून दिलं, की दोन महिने मी ते कुलूप उघडून बघितलंच नाही, हयगय माझी आहे. कुलूप तपासलं तेव्हा आतून स्वच्छ पुसलेलं निघालं. तपासनीस म्हणाले, अपघातानंतर घाईने पुसलं, दुसरं काय. बाबांचा परवाना काढून घेतला. पंचवीस वर्षांची नोकरी गेली.

मी बाबांना बोलले. जे बोलले ते लिहिते, कारण लिहिलं नाही तर पुढे मी ते सौम्य करून आठवेन. म्हणाले, “तुम्हाला एक कुलूप उघडून बघता आलं नाही? मी दोन चमचे भुकटीसाठी जीव टांगणीला लावून बसते, आणि तुम्ही माणसं वर-खाली नेणारं यंत्र तसंच सोडता? तुमची लाज वाटते मला.”

आई म्हणाली, “तोंड आवर.”

बाबा म्हणाले, “बोलू दे तिला. बरोबर बोलते.”

दोन महिने कुलूप उघडलं नाही, तर तेल कधी घातलं? हे मी विचारलं नाही. सुचलं होतं. उत्तर नको होतं.

२८ फेब्रुवारी

वरखालीकाका पहाटे गेले. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. बाबा चार दिवस तिथेच बाकावर बसून होते. काकूंनी त्यांना घरी जा म्हटलं नाही आणि आत या असंही म्हटलं नाही.

मोठ्या बाईंनी माझा तास दहा तारखेवर ढकलला.

३ मार्च

बाटली शाळेत परत नेली. वापरली नाही तर साठ्यात परत जमा व्हायला हवी, वहीत तशी नोंद व्हायला हवी. ‘दोन चमचे, परत’ असं लिहिलंही. मग मोठ्या बरणीत ओतण्याआधी चिमूटभर बोटांत घेतली.

खरखर लागली.

बरणीतली घेतली. ती सुळकन् गेली, बोटांवर चंदेरी चमक राहिली. परत बाटलीतली घेतली. दातांखाली वाळू यावी तशी. कागदावर दोन्ही चोळल्या. एक रेघ चकाकली, दुसरी कोळशासारखी निस्तेज राहिली.

हे का होतं ते मला माहीत आहे. मोटरचा कार्बन भुकटी दाबून, चिकटवून, भाजून करतात. त्यातले थर बारीक आणि वेडेवाकडे असतात, ताटल्या फोडून पोत्यात भरल्यासारखे. ते घसरत नाहीत, घासतात.

मागची पायरी. कानस. खाली पसरलेला कागद.

‘परत’ हा शब्द मी खोडला.

४ मार्च

बाबांसमोर कागद ठेवला, दोन रेघांचा. त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं आणि कागद उलटा ठेवला.

“सगळी घातली होतीत?” मी विचारलं.

“सहाही मजल्यांना. तू दिलेली. राखून काय करायची?”

“मी उद्या चौकशीवाल्यांकडे जाणार.”

“कशाला? कुलूप माझं होतं. त्यात काय घालायचं ते मी ठरवतो. तू आली होतीस का तिथे पाना घेऊन?”

“पण सांगितलं मी.”

“सांगतील लोक काहीही. पंचवीस वर्षं मी मोटरचे कार्बन बदलतोय. कार्बन करंट नेतो हे मला तू शिकवायचं?”

“मग घातलीत का?”

बाबा उठले आणि चहाचं आधण ठेवायला गेले. बाबांनी आजवर कधी चहा केलेला नाही. साखर कुठे आहे ते त्यांना कळेना आणि मला सांगवेना.

५ मार्च

पत्र लिहून नेलं. साठ्याच्या वहीतल्या नोंदीची नक्कल जोडली. चौकशीच्या साहेबांनी सगळं वाचलं, चष्मा काढला.

“तुम्ही त्यांच्या कोण?”

“मुलगी.”

“मुली असंच करतात,” साहेब म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले. मग फाइल उघडून बाबांची सही दाखवली. पेनच्या रेघेखाली पेन्सिल दिसत होती. ‘वडिलांनी कबूल केलंय, प्रकरण मिटलंय. तुम्ही शिक्षिका आहात, विचार करा,’ असं म्हणून पत्र परत दिलं.

६ मार्च

काकूंकडे गेले. त्या एकट्याच होत्या. खुंटीवर काकांचा गणवेशाचा कोट होता. पत्र त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते उलटसुलट करून परत दिलं.

“मला कुठे वाचता येतं, बाई? तूच वाच.”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वाचलं. माझं स्वतःचं पत्र, मोठ्याने, त्यांच्यासमोर. ‘माझ्या अर्धवट माहितीमुळे’ हे शब्द मी लिहिताना चांगले वाटले होते. वाचताना ते कोणा दुसऱ्याने लिहिल्यासारखे वाटले. ते सोडून साधं सांगितलं : मी सांगितलं म्हणून बाबांनी घातली. ती घालायला नको होती हे मला माहीत असायला हवं होतं.

काकूंनी कोटाची बाही सरळ केली. “तुझे बाबा येऊन गेले. त्यांनीही हेच म्हटलं, माझी चूक. आता तू. दोघं आपापसात ठरवा.” मग म्हणाल्या, “तुझं फार कौतुक होतं त्यांना. घरी येऊन म्हणाले, सासूला गप्प करणारी पोर एकच. मी म्हटलं, सासू माझी आई होती, ती बोलायची ते तुमच्या भल्याचंच होतं.” हसू आलं त्यांना, आणि ते तसंच राहिलं तोंडावर, पुसायचं विसरल्यासारखं.

मी उठले. दारापर्यंत आल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. “रविवारी तुझ्या बाबांना एकटं बसू देऊ नकोस,” एवढंच म्हणाल्या.

९ मार्च

रविवार. बाबांसमोर पत्ते घेऊन बसले. मला लबाडी करता येत नाही, म्हणून खेळ रंगला नाही. पण तीन डाव झाले.

१० मार्च

तास झाला. ताटल्या नेल्या होत्या. मुलांना दोन रकाने करू दिले नाहीत. प्रत्येकाला पेन्सिलीचं शिस दिलं, आधी बोटांत चोळायला लावलं, मग तेच शिस दिव्याला जोडायला लावलं, आणि म्हटलं, एकाच वाक्यात लिहा : हे घसरतं आणि वीजही नेतं. जिथे जिथे वापराल तिथे दोन्ही करील, तुम्हाला हवं असो वा नसो. माझा आवाज चिरकला तेव्हा मुलांना वाटलं मी रागावले. ती गप्प बसून लिहू लागली.

मोठ्या बाई नंतर म्हणाल्या, चांगलं झालं, तुम्हाला कायम करू. मी त्यांना साठ्याची वही दाखवली. खोडलेल्या शब्दाच्या जागी मी सकाळी लिहिलं होतं : ‘दोन चमचे, परत नाहीत. माझ्या सांगण्यावरून लिफ्टच्या कुलपांत घातले. त्याने एक माणूस गेला.’ आणि सही. त्यांनी दोनदा वाचलं. वही मिटली नाही, ओळ खोडली नाही. खाली तपासल्याची सही केली, तारीख घातली आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

घरी येऊन ही दैनंदिनी पहिल्यापासून चाळली. बाबांना भुकटी कधी दिली होती, एवढंच बघायचं होतं. पंधरा जानेवारीच्या पानावर थांबले.

बाबांनी विचारलं होतं.

मीच लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात, गंमत म्हणून. रिकामटेकडा कुलपात काही उद्योग करणार नाही ना. आणि मी हसले होते. ‘मग ठीक,’ असं ते म्हणाले होते. पंचवीस वर्षांचं त्यांच्या हातातलं ज्ञान त्यांनी बाजूला ठेवलं, कारण मी शिकलेली होते.

वही घेऊन बाहेर गेले. बाबा पायरीवर होते. ते पान वाचून दाखवलं, हसण्यासकट.

“असं म्हणालो होतो?” बाबांनी विचारलं. “मला आठवत नाही.”

सहा मजल्यांच्या सहा कुलपांचे नंबर बाबांना अजून तोंडपाठ आहेत.

मी त्यांच्या शेजारी बसले. ही दैनंदिनी मी पेन्सिलीने लिहिते, खाडाखोड करता यावी म्हणून. त्या एका ओळीवरून, बाबांच्या प्रश्नावरून, सावकाश पेन फिरवलं. बाबा बघत होते. अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, पण रेघेबाहेर जाऊ नये म्हणून मी हात कसा धरते ते त्यांना कळतं. ते जरा सरकले आणि माझ्या वहीवर उजेड येऊ दिला.